एकतीस सह्यांची बातमी

मानोऱ्यात धम्मरत्न इंगोलेचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि तालुक्यात कोणाचं काय चाललंय हे त्याला तलाठ्याच्याही आधी कळतं. कळणार नाही तर काय? अर्ज, उतारे, दाखले, भावाभावांच्या तक्रारी, सगळं त्याच्या काचेवरूनच पुढं जातं. गेली नऊ वर्षं तो एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहरही होता. बातमी मिळवायची त्याची रीत सोपी होती. गिऱ्हाईक दोन प्रती मागायचं, धम्मरत्न तीन काढायचा. तिसरी ड्रॉवरमध्ये जायची आणि पेपरात ‘सूत्रांकडून समजते’ म्हणून बाहेर यायची. माणूस वाईट नव्हता. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारातलं ग्रंथवाचन तोच करायचा, आणि बाया म्हणायच्या की धम्मरत्ननं वाचलं की मनाला पटते. हळूहळू त्यालाही वाटायला लागलं की आपल्या तोंडून निघतं ते खरंच असतं. खोड होती ती ही.

संक्रांतीच्या आठवड्यात आठ किलोमीटरवरच्या तांड्यावरून राजू नावाचा माणूस एक तक्रार घेऊन आला. तांड्यावरची अंगणवाडी सेविका दुर्गाबाई राठोड पोरांचं धान्य विकते, असा मजकूर आणि खाली एकतीस सह्या-अंगठे. राजूच्या बायकोला ती जागा हवी आहे हे धम्मरत्नच्या कानावर आलं होतं. पण एकतीस सह्या म्हणजे अख्खा तांडाच की. तिसरी प्रत निघाली. दोन दिवसांनी दुर्गाबाईच्या फोटोसकट बातमी आली: ‘चिमुकल्यांच्या घासावर सेविकेचा डल्ला’. मथळा त्याचाच. राजूनं वाटायला त्या कात्रणाच्या पन्नास प्रती मागितल्या, तेव्हा धम्मरत्ननं आपलीच बातमी म्हणून त्या फुकट काढून दिल्या. आठवड्याच्या आत दुर्गाबाईला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. मग यानं ‘बातमीचा दणका’ म्हणून आणखी एक बातमी लावली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण पेपरवाल्यांनी वार्ताहरांकडं पत्रकारितेचं प्रमाणपत्र मागितलं, म्हणून पंचेचाळिशीला टेकलेला हा गडी दर रविवारी वाशिमला वर्गात बसू लागला. शिकवायला ज्योत्स्ना मॅडम. वयानं त्याच्याहून लहान, बोलणं कमी. त्यांनी फळ्यावर तीनच प्रश्न लिहिले: कोण म्हणतं, त्याला कसं कळलं, आणि त्यात त्याचं काय? मग घरचा अभ्यास दिला. स्वतःची छापून आलेली एक बातमी घ्यायची आणि वैऱ्यानं लिहिली आहे असं समजून तपासायची. धम्मरत्ननं एकतीस सह्यांची बातमी निवडली, कारण त्या बातमीला कुठूनही धक्का लागणार नाही याची त्याला खात्री होती.

खराब झालेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर कच्चं लिहायची त्याला सवय. त्यावर तो तक्रारीतली नावं उतरवत होता. एक कागद भरला, दुसरा ओढला, सहज उलटला. पुढच्या बाजूला वाकडं छापलेलं आधार कार्ड होतं, गेमसिंग पवारचं. यादीत नववं नाव गेमसिंग पवारचंच.

आणि त्याला दसरा आठवला. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांचे कागद घेऊन मुकादम आला होता, मशीननं त्या दिवशी दगा दिला होता आणि वाया गेलेला गठ्ठा यानंच जपून ठेवला होता. तो जमिनीवर बसला आणि एकेक कागद यादीला लावू लागला. बावीस नावं जुळली. ही सगळी माणसं दिवाळीपासून दूर कारखान्याच्या फडात होती. संक्रांतीला तांड्यावर म्हातारे आणि लेकरं तेवढी राहतात, हे तालुक्यात शेंबडं पोरही सांगेल. ‘तांडे ओस पडले’ ही बातमी दर दिवाळीला हा स्वतःच लावायचा! काखेत कळसा अन् गावाला वळसा, पण यानं तर वळसाही घातला नव्हता. दारात गिऱ्हाईक उभं होतं. त्याला उद्या या म्हणून त्यानं शटर ओढलं. आपण एका बाईची भाकरी हिरावली, आणि तीही न उठता, खुर्चीत बसून, याची त्याला फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी ते बावीस कागद आणि आपला लेखी जबाब घेऊन तो चौकशीच्या साहेबांपुढं उभा राहिला. होळीला जोड्या परतल्या. आम्ही सह्या केल्याच नाहीत, असं त्यांनीही सांगितलं. चैत्रात दुर्गाबाई पुन्हा कामावर आली. धम्मरत्ननं खुलासा लिहिला. संपादकांनी कापून त्याच्या चार ओळी केल्या आणि ‘चूक माझी’ हे शब्द तेवढे गाळले.

तो अंक घेऊन तो पहिल्यांदा तांड्यावर गेला. दुर्गाबाई पोरांसाठी खिचडी शिजवत होती. यानं हात जोडले, माफी मागितली. तिनं चार ओळी उभ्यानंच वाचल्या.

“दादा, मले इचारायचं नोतं तं नका इचारू,” ती म्हणाली. “पण इथं येऊन घराची कुलपं तरी पाह्यची होती.”

तिनं अंक त्याच्या हातात परत दिला.

“त्या बातमीच्या किती झेरॉक्स काढल्या होत्या?”

“पन्नास,” तो म्हणाला.

“मंग याच्याबी पन्नास काढा. अन् तुमीच वाटा.”

त्यानं खुलाशाचं कात्रण कागदावर चिकटवलं, खाली पेनानं ‘चूक माझी आहे’ असं लिहून सही केली आणि पन्नास प्रती काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो तांड्यावर दारोदार फिरला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. विहारात खणखणीत निघणारा त्याचा आवाज इथं दर दारात अडखळत होता. लोकांनी ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाले, कोणी चहाही पाजला. एवढ्यानं थोडं तरी फिटलं असं त्याला वाटू लागलं.

दुपारी तो अंगणवाडीपाशी आला. एक तरणी बाई लेकराला घेऊन उभी होती. तिला त्यानं कागद दिला, वाचून दाखवला. तिनं मान हलवली, घडी करून कमरेला खोचली. मग खिचडीच्या भगोन्याजवळ गेली, झाकण उचललं आणि आत किती आहे ते वाकून नीट पाहिलं. दुर्गाबाई पळी हातात धरून बाजूला थांबली होती.

“रोज पाह्यतात,” ती धम्मरत्नला म्हणाली. “पयले कोनी नोतं पाहात.”

बाईनं झाकण ठेवलं. दुर्गाबाई वाढायला बसली. धम्मरत्नच्या हातात अजून सहा कागद उरले होते.