खंडेनवमीचा मान

कमरजहां तांबोळी येरवड्याहून बस बदलत खडकवासल्यापलीकडच्या शाळेत संगणक शिकवायला जाते. गाव आता शहराच्या हद्दीत आहे. कमानीवर तसं लिहिलंय. शाळेत मोजके जुने संगणक आहेत. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तपासणी समिती येणार होती. यंत्रं चालू दिसली की अकरावीला संगणकशास्त्र सुरू करायला मान्यता मिळणार होती.

दहावीतल्या तेजस्विनीचं सगळं त्या मान्यतेवर अडलं होतं. "गावात असलं तर शीक," तिचे वडील म्हणाले होते. "पुण्याला रोज कोण पाठवतंय?" गाव पुण्यातच आहे, हे कमरजहांने त्यांना सांगून पाहिलं. ते हसलेही नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गावात अवजारं पुजतात. संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव आधी आपला ट्रॅक्टर पुजतात, मग जेसीबी, मग शाळेतले संगणक. तेवढा वेळ कमरजहां व्हरांड्यात थांबायची. तिला कुणी बाहेर जा म्हटलं नव्हतं. आत या, असंही नाही. हळदकुंकू आणि झेंडूवर दरवर्षी भागायचं.

गेल्या वर्षी मात्र मान्यता येणार म्हणून सर्जेरावांनी मान वाढवला. स्क्रीन उजळलेले बरे दिसतात म्हणून सगळे संगणक चालू करायला लावले. प्रत्येकापुढे नारळ फोडला आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर घालतात तसं त्याचं पाणी वरून घातलं. बाहेर तिला आधी फट्ट असा आवाज आला, मग जळका वास.

"मॅडम, याला पाणी चालत नाय व्हय?" सर्जेरावांचा चेहरा खरोखरच पडला होता.

"नाही चालत, साहेब."

"मग सांगायचं की."

"मी बाहेर होते."

"बाहेर कशाला थांबायचं? तुमचंच खातं हाय ना हे?"

तिने वाकून एकेक प्लग काढला.

समिती आली, काळे स्क्रीन बघून, चहा घेऊन गेली. मान्यता मिळाली नाही. तेजस्विनीने त्याच शाळेत कला शाखा घेतली. वाटेत भेटली की मान खाली घालून नमस्कार करते, थांबत नाही.

यंदा खंडेनवमीला सर्जेरावांनीच हाक मारली. "मॅडम, आत या. तुम्ही सांगाल तसं करू."

ती आत गेली. तिच्याकडे बघत बघत त्यांनी प्रत्येक मेलेल्या यंत्रावर एकेक फूल ठेवलं, अगदी हलक्या हाताने. पाण्याचा थेंबसुद्धा कुठे पडू दिला नाही.