रस्त्याच्या तोंडचं घर

मुलगी सासर सोडून आली ती कायमची आली, हे तिच्या वडिलांच्या लक्षात माझ्या आधी आलं. मी वर्षभर म्हणत राहिले की राग निवला की जाईल. हे रिटायर झाले तेव्हा हातात आलेला पैसा त्यांनी बँकेत पडू दिला नाही. म्हणाले, "एखादं लहान घर घेऊन भाड्यानं देऊ. भाडं हिला. आपल्या मागं हिला भावाच्या घरात पडून राहायला लागू नये." एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात हट्टानं मागितली. घर कुठलं घ्यायचं ते मात्र माझ्यावर सोडलं. मी चौथी शिकलेली, पण आमच्या घरात व्यवहार मीच बघायचे आणि हे सह्या करायचे.

हैदराबादेतच दोन घरं बघितली. पहिलं मलकपेठेत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मुलीला ते पसंत होतं. जवळ मोठा दवाखाना, तिथल्या नर्स आणि लॅबमधल्या मुली कायम खोली शोधत असतात, असं ती म्हणाली. चौकशी तिनं नीट केली होती. मी गॅलरीतून खाली बघितलं आणि म्हटलं, "हे काय घर आहे? पायाखाली दुसऱ्याचं छत आणि डोक्यावर तिसऱ्याची मोरी." आम्ही शेतकऱ्यांची माणसं. माती दिसल्याशिवाय पैसे कशाचे दिले ते मला कळतच नाही.

दुसरं दिलसुखनगरच्या मागच्या बाजूला, स्वतःच्या जमिनीवर. चार खोल्या, मागं सीताफळाचं झाड. गल्ली लांबून सरळ यायची आणि आमच्या फाटकाशी संपायची. गल्लीत शिरलं की समोर तेच घर. गावात अशा जागी घर असलेल्या माणसाला मान असतो, मला ते फार आवडलं. शेजारच्या घरांपेक्षा ते स्वस्तातही मिळत होतं. का, ते विचारायला हवं होतं. मी समजले, माझ्या घासाघिशीमुळं.

टूलेटची पाटी लावली. माणसं यायची. स्कूटरवरून नवराबायको उतरायचे, बाई फाटकाशी थांबायची, मागं वळून रस्ता बघायची, नवऱ्याच्या कानाशी तेलुगूत काहीतरी बोलायची आणि दोघं निघून जायचे. कित्येकांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. मी भिंतींना रंग दिला. नळ बदलले. मोरीत फरशी घातली. तरी तेच. शेवटी समोरच्या घरातली तेलुगू बाई, रोज सकाळी दारात मुग्गूची रांगोळी काढायची ती, मला हाक मारून म्हणाली, "पेद्दम्मा, रंग कायकू लगाते? घर अच्छाच है. रस्ता खराब है."

"रस्ता तर आत्ताच सिमेंटचा केलाय."

"वैसा नै. वीधि पोटु." तिनं ताठ पंजा स्वतःच्या पोटात सुरी खुपसावी तसा टेकवला. रस्ता असा सरळ येऊन घराच्या पोटात घुसला की राहणाऱ्याचं वाटोळं होतं म्हणे. "तुमकू कोई बोले नै?"

"कोण बोलणार? आम्ही मराठी."

"मराठीवालों कू रस्ता नै लगता क्या?" म्हणून ती मोठ्यानं हसली.

जन्म हैदराबादेत गेला, पण बरकतपुऱ्यात आमच्या आजूबाजूला आपलीच माणसं. भाजी आणि दुधापुरती तेलुगू मला येत होती. ज्यांना घर भाड्यानं द्यायचं ते लोक घरात कशाला भितात, हे मी कधी विचारलं नव्हतं. तिनं उपायही सांगितला, रस्त्याकडं तोंड करून भिंतीत गणपती बसवा. मी म्हटलं, देव काय वॉचमन आहे का? पण आणखी दोन सण घर रिकामंच राहिलं तेव्हा बसवला. त्यानं तर पंचाईतच झाली. पूर्वी माणसं निदान फाटकापर्यंत यायची. आता गल्लीच्या तोंडाशीच भिंतीतला गणपती बघून ओळखायची आणि तिथूनच वळायची. मुलगी म्हणाली, "आई, आता पाटीवर लिहून टाक, इथं रस्ता लागतो."

मग एक माणूस बायकोला घेऊन आला. तो फाटकाशी उभा राहिला, त्यानंही मागं वळून रस्ता बघितला, आणि खूश झाला. "अम्मा, सामनेका कमरा देव. करी पॉइंट डालतूं. पूरी गल्ली कू दिखता." त्या भागात क्लाससाठी आलेली मुलं खोलीवर भात लावतात आणि भाजी, सांबार पिशवीत बांधून विकत आणतात. त्याचं दुकान.

"नक्को," मी म्हटलं.

"कायकू नक्को अम्मा? भाडा टैम पे देतूं."

"घराच्या उंबऱ्यात दुकान नाही लावायचं."

परत येताना बसमध्ये मुलगी म्हणाली, "द्यायला हवं होतं."

"भिंती तेलकट होतील. सिलिंडर, धूर. आणि दुकानवाला एकदा बसला की उठत नाही."

"रिकाम्या घराच्या भिंती कुणासाठी पांढऱ्या ठेवायच्या? घर कुणासाठी घेतलंय?"

"तुझ्यासाठी."

"मग मी हो म्हणते."

"कागद माझ्या नावावर आहे," मी म्हटलं. मलकपेठ येऊन गेलं तरी ती खिडकीतून बाहेरच बघत होती.

भाड्याचा एक पैसा न बघता हे गेले. घरी मुलगा, सून, त्यांची पोरं, आम्ही दोघी. सून वाईट नाही. पण "ताई, गॅस जरा बारीक ठेवत जा" हे रोज ऐकायला लागलं की माणूस स्वयंपाकघरात जायचं टाळतं. मुलगी टाळायला लागली. मग शहराबाहेरच्या एका निवासी शाळेत मुलींवर देखरेख करायचं काम तिनं धरलं. सोबत राहायला खोली. मला सामान बांधल्यावर सांगितलं.

त्यानंतर मी घर विकलं, घेतलं त्याहून कमीला. घेणाऱ्यानं पुढची भिंत पाडून तीन शटरं बसवली. मागं एकदा त्या बाजूला लग्नाला गेले होते तेव्हा बघून आले. करी पॉइंट, झेरॉक्स आणि ज्यूसचं दुकान, तिन्हीकडं गर्दी. समोरच्या बाईनं मला ओळखलं. "देखे पेद्दम्मा? दुकान कू वीधि पोटु नै लगता. गिराइक सीधा आता!" तिला मजा वाटत होती. जागा वाईट नव्हती. तिथं काय चालेल ते सांगणारा माणूस स्वतः दारात आला होता, आणि ज्या धोक्यांना भिऊन मी त्याला परत पाठवलं त्यातला एकही रिकाम्या घराएवढा मोठा नव्हता.

विकून आलेले पैसे मी मुलीच्या नावावर टाकले, त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. गेल्या रविवारी आली तेव्हा म्हटलं, याच्यात एखादा फ्लॅट बघू या का, तू म्हणशील तिथं. ती जेवत होती. "आई, एवढ्यात आता जिन्याखालची जागा येईल," म्हणाली आणि भात मागून घेतला. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शाळेची खोली नोकरी आहे तोवरची. या उन्हाळ्यात तिचं रिटायर व्हायचं वय भरतंय. मग ती इथंच येणार, भावाच्या घरी, माझ्या खोलीत. परवा सून विचारत होती, ताईंचं कपाट कुठं ठेवायचं, भिंत कुठं मोकळी आहे? मी म्हटलं, माझं कपाट काढा आणि तिथं ठेवा.