भाकरीमास्तर आणि अकरा घरांचा शिरा

भाकरीमास्तरांना भूक ऐकू यायची. बाकीच्या मास्तरांना वर्गातला दंगा ऐकू यायचा, हेडमास्तरांच्या वहाणांची करकर तर तीन वर्ग पलीकडून ऐकू यायची; भूक मात्र फक्त या एका माणसाला. दुसऱ्या तासाला ते आम्हाला उभं करून एकोणतिसाचा पाढा मोठ्यानं म्हणायला लावत आणि स्वतः डोळे मिटून खिडकीशी उभे राहत. आम्हाला वाटे, मास्तर डुलकी काढताहेत. पाढा संपला की डोळे उघडून तिघाचौघांकडे बोट दाखवत. "तू, तू, आणि ती मागची वेणीवाली. सकाळपासून पोटात काही नाही." वेणीवाली म्हणजे मी. "पाढा येत नाही तो पोर अडखळतो," असं ते म्हणत, "उपाशी पोर अडखळत नाही, त्याचा आवाज विझत जातो." मग कोटाच्या खिशातून फुटाण्यांची पुडी निघे आणि आम्ही ओंजळ पुढे करत असू.

आमची शाळा सोलापुरात एका गिरणीच्या मागच्या वस्तीत होती. घरी कोणी तेलुगू बोले, कोणी कानडी, कोणी दखनी. पाढे मात्र सगळ्यांचे मराठीत. त्या साली गिरणीनं माणसं कमी केली. माझ्या वडिलांचं काम त्यांत गेलं. आई सुताच्या रिळांच्या खात्यात होती, तिचे कामाचे दिवस निम्म्यावर आले. चाळीत चुली पेटायच्या, पण सकाळी पेटली ती संध्याकाळी पेटेलच असं नव्हतं. हे सगळं उघड गुपित होतं आणि ते झाकण्यात आमची चाळ फार तरबेज होती.

मास्तरांना तेही ठाऊक होतं. "जेवलीस का?" असं ते कधी विचारत नसत. "आज घरी काय केलं होतं?" असं विचारत, आणि आम्ही थापा मारायचो. त्यांचा हिशेब सोपा होता: पदार्थ जितका मोठा, तितकं पोट रिकामं. भाकरी आणि शेंगाची चटणी म्हणणारा खरोखर जेवलेला असे. आमटीभात म्हणणाऱ्यानं अर्धी भाकरी खाल्लेली असे. मी एकदा ऐन उन्हाळ्यात, कुठला सण ना वार, पुरणपोळी झाल्याचं सांगितलं. मास्तरांनी विचारलं, "कटाची आमटी केली होती?" मी म्हटलं, "व्हय, आनि भजी बी." त्यांनी आख्खी पुडी माझ्या हातात दिली आणि फळ्याकडे वळून बराच वेळ काहीतरी पुसत राहिले.

भाकरीमास्तर हे नाव पोरांनी ठेवलेलं नव्हतं, शाळा चालवणाऱ्या मंडळींनी ठेवलं होतं. शाळेत दुपारी गरीब मुलांना भाकरी मिळावी असा हट्ट त्यांनी दोन वर्षं धरला. वार्षिक सभेत इतर शिक्षक शाळेच्या प्रगतीवर बोलत. हे उठून भाकरीवर बोलत. शेवटी कंटाळून मंडळींनी एका दानशूर शेठजींना गाठलं आणि मध्यान्ह भोजनाची कमिटी नेमली. कमिटी नेमल्यावर भाकरी लगेच मिळेल अशी आमची समजूत होती. आम्ही लहान होतो.

कमिटीनं आधी नियम केले. अर्जदार मूल गरीब असावं, पण आळशी नसावं. अभ्यासात हुशार असावं. म्हणजे उपाशीपोटी ज्याचं डोकं चालतं त्यालाच अन्न. बापानं अर्ज स्वहस्ते लिहावा. आता ज्याला असा अर्ज लिहिता येत होता तो कुठंतरी कारकून होता, त्याला भाकरी नको होती. ज्याला हवी होती तो अंगठा उठवायचा. मास्तरांनी यावरही तोड काढली. अकरा बापांचे अकरा अर्ज त्यांनी स्वतः लिहिले, चार उजव्या हातानं, चार डाव्या हातानं आणि तीन चालत्या टांग्यात बसून, म्हणजे अक्षर एकसारखं दिसायला नको. "श्रीमंत दिसायला नुसतं पागोटं पुरतं," ते म्हणाले, "गरिबी शाबीत करायला बॅरिस्टर लागतो." अर्ज कमिटीनं दाखल करून घेतले. राहिला एकच नियम: कमिटीचा सभासद घरोघर जाऊन गरिबीची खात्री करून घेईल.

हे काम एका रावसाहेबांकडे आलं. ते पेन्शनीत निघालेले, नियमाला पक्के आणि मनानं वाईट नव्हते. आदल्या दिवशी मास्तर चाळीत दारोदार फिरले. "उद्या साहेब येणार. घर आहे तसं ठेवा. काही मांडू नका, काही झाकू नका." सगळ्यांनी माना हलवल्या. मास्तर वळताच आई शेजारच्या अक्काला म्हणाली, "मास्तराला काय कळतंय? पाव्हना दारात येनार आन् त्याला उगडं घर दावू व्हय? लोक तोंडात श्यान घालतील की."

अक्काचं म्हणणंही तेच होतं. सगळ्या चाळीचं तेच होतं. मग सगळ्या बायका एकीमागून एक चाळीच्या टोकाच्या घरी गेल्या. तिथं मुकादमीणबाई राहत. नवरा गिरणीत मुकादम, माहेर अक्कलकोटकडचं, घरात चार जिनसा बऱ्या. नाही म्हणणं त्यांच्या जिभेला माहीत नव्हतं. पितळी घंगाळ, नवी सतरंजी, खुर्ची, कपबशी, सगळं त्यांनी काढून दिलं आणि वर परातभर शिरा करून दिला. पण वस्तू एकेक आणि घरं अकरा. मग बायकांनीच तोड काढली: रावसाहेब पुढच्या दारानं बाहेर पडले की सामान मागच्या दारानं पुढच्या घरात.

तो शिरा मी जन्मात विसरणार नाही. रावसाहेब सोवळ्यातले, चाळीत पाण्याला शिवायचे नाहीत. चहाला त्यांनी हात लावला नाही, पण त्यात दूध आहे हे वाकून पाहिलं. शिऱ्याची बशी समोर आली की म्हणत, "शिरा! वा!" आणि वहीत लिहून घेत. त्यांनी खाल्ला नाही म्हणून तो तसाच पुढच्या घरी. आम्ही पोरं भिंतीला पाठ लावून बघत उभी; खायची सोय नव्हती, कारण पुढच्या घराला तो लागणार होता. आमचं घर सातवं. आमच्याकडे आला तेव्हा शिरा गार झाला होता आणि त्याच्या मधोमध कुणाच्या तरी बोटानं खड्डा पाडलेला होता. आईनं तो पदराआड पटकन थापून सारखा केला.

मास्तर रावसाहेबांच्या मागोमाग छत्री धरून चालत होते. पहिल्या घरी त्यांनी घंगाळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या घरी तेच घंगाळ, तीच सतरंजी. तिसऱ्या घरी घंगाळाला घाईत धक्का लागून पाणी सांडलं, तेव्हा मास्तरांनीच पुढं होऊन पाय ओला करत ते झाकलं. आमच्या घरी त्यांनी आईकडे एकदा पाहिलं. आईनं मान वर ठेवली. रावसाहेब खुर्चीत बसून म्हणाले, "मास्तर, तुम्ही उगाच रडगाणं गात होतात. लोक खाऊनपिऊन सुखी आहेत."

अकरा घरं झाल्यावर रावसाहेबांना न्यायबुद्धी सुचली. "ज्यांनी अर्ज केलेला नाही असंही एक घर पाहू. तुलनेला बरं." आणि ते तडक टोकाच्या दाराशी गेले. मास्तर म्हणाले, "त्यांची गरज नाही." रावसाहेब म्हणाले, "तीच तर खात्री करायची." आत भिंती आणि जमीन. मुकादमीणबाई उघड्या फरशीवर बसल्या होत्या, शेजारी त्यांची मुलगी शांता. तुळईला टांगलेला एक कंदील तेवढा घरात होता. रावसाहेबांचा आवाज उतरला.

"बाई, भांडीकुंडी?"

दारात आमच्या आया उभ्या होत्या. मुकादमीणबाईंनी एकेकीकडे पाहिलं. एक वाक्य बोलल्या असत्या तर अकरा घरांची अब्रू त्याच उंबऱ्यावर सांडली असती.

"न्हाईत," त्या म्हणाल्या.

"बसायला काही?"

"न्हाई."

रावसाहेबांनी चष्मा पुसला. त्यांचा अहवाल आठ दिवसांनी शाळेच्या फळ्याशेजारी लागला. वस्ती सुखवस्तू आहे, घरोघरी पितळी घंगाळ, न्याहारीला शिरा. अकराही अर्ज नामंजूर. एकच घर हलाखीत, आणि मानी इतकं की त्यांनी अर्जसुद्धा केला नाही. सबब त्या घरची मुलगी शांता हिला रोज मोफत भोजन. गिरणीत मुकादमाला हलाखीतलं घर म्हणून चिडवून लोकांनी महिनाभर सळो की पळो केलं. तो घरी येऊन आदळआपट करू लागला, तर बाई म्हणाल्या, "होगली बिडु. जाऊ द्या हो. त्यांची लाज ऱ्हायली न्हवं?"

आमच्या आईला मात्र दोन दिवस फार बरं वाटत होतं. "सायबानं सुखवस्तू लिवलंय आपल्याला," असं तिनं पाण्याच्या नळावर चारचौघींत सांगितलं. तिसऱ्या दिवशी चूल पेटली नाही. चौथ्या दिवशी मी प्रार्थनेच्या वेळी खाली बसले ती उठलेच नाही. शुद्धीवर आले तेव्हा मास्तर मला खांद्यावर टाकून आमच्या दारात उभे होते.

"बाई, मला कमिटीत एक वाक्य सांगू द्या. भांडी उसनी होती, एवढंच."

आईनं मला त्यांच्या खांद्यावरून उतरवून घेतलं. "मास्तर, माजा घास मी पोरीला दीन. पर त्ये बोलू नगा. भूक कुनाला दिसत न्हाई. उसन्या भांड्याचं समद्यांला दिसंल. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय."

"आणि पोरीचं काय?"

आईनं मला आत नेऊन निजवलं. दारातून उतरताना त्यांनी आईला नमस्कार केला. शाळामास्तरानं रिळं भरणाऱ्या बाईला नमस्कार केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढचं मला शाळेचे शिपाई दौलतमामा यांनी सांगितलं. कमिटीच्या बैठकीत पाणी द्यायला ते आत होते. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "ती भांडी माझी होती. शाळेची शोभा राहावी म्हणून मीच घरोघर मांडली. लोक नको म्हणत होते. मी त्यांना दटावून गप्प बसवलं."

रावसाहेब लाल झाले. "म्हणजे तुम्ही कमिटीची दिशाभूल केलीत?"

"होय."

"आणि शिरा?"

"तोही मीच केला."

दौलतमामा सांगत, या उत्तरावर शेठजींना हसू आलं, कारण मास्तर एकटे राहत आणि त्यांना चहासुद्धा धड करता येत नसे, हे साऱ्या शाळेला माहीत होतं. पण रावसाहेब नियमाचे पक्के, कबुली मिळाली की ती वहीत गेलीच. उन्हातून अकरा घरं पुन्हा हिंडायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून फेरतपासणी न करता अकराही अर्ज मंजूर झाले. लगेच दुसरा ठराव झाला आणि मास्तरांना नारळ मिळाला. दोन्ही ठराव एकमतानं झाले. कमिटीत इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं असंही दौलतमामा म्हणाले.

शांताचं नाव कुणी खोडलं नाही. ते खोडायला वेगळा नियम लागला असता. ती वर्षभर आमच्या पंगतीत बसली आणि तिच्या आईनं दिलेला शेंगाच्या चटणीचा डबा रोज सगळ्यांत फिरला.

मास्तरांना जेऊरच्या शाळेत जागा मिळाली. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, पण दौलतमामांच्या पोटात गोष्ट राहत नसे. मास्तर सोमवारी दुपारच्या गाडीनं जाणार, हे आम्हाला सकाळीच कळलं. आम्ही अकरा जणांनी शपथ घेतली की मधल्या सुट्टीत पळत स्टेशनवर जायचं. कण्हेरीची फुलं तोडून मी दप्तरात ठेवली होती. पाया कोणी आधी पडायचं यावरून भांडणही झालं.

आणि त्याच सोमवारी, त्याच सुट्टीत, पहिली भाकरी आली. ओट्यावर पत्रावळी मांडल्या. ज्वारीच्या गरम भाकऱ्यांची चवड आली, तुरीच्या आमटीचं पातेलं आलं. आम्ही दाराशी गेलो होतो. आधी कोण वळलं ते मला आठवत नाही, मीच असेन. अकराच्या अकरा जण बसलो. पहिल्या घासानंतर मी मान वर केली नाही, दुसरी भाकरी मागितली, तिसरी मागितली. लांब कुठंतरी गाडीची शिटी झाली, तीही मी ऐकली, आणि आमटी वाढणाऱ्या बाईला म्हणाले, "आजून घाला."

मास्तर मला आठवले ते हात धुतल्यावर.