हात लाव, डाक्टर

"या तांड्यातल्या बायांची कातडी जाड असते, जमादार. काही झालेलं नाही हिला. घेऊन जा."

डॉक्टर खुर्चीतून उठलाच नाही. टेबलापलीकडून एक नजर टाकली, संपली तपासणी. बाजारात बैल घेतानाही लोक दात बघतात. सरकारी दवाखाना, भर दुपार, दारात रोग्यांची रांग. सगळ्यांच्या देखत जमादाराने मला दंडाला धरून आणलं होतं. मुद्दाम मार बसलेल्या दंडाला.

महाराष्ट्र झाला, पेढे वाटले गेले, त्यानंतरच्या हंगामातली गोष्ट. राळेगावकडच्या एका पाटलाच्या कोठ्यातून कापूस चोरीला गेला. चोरी कुठेही होवो, पोलीस आमच्या बंजारा तांड्यावरच यायचे. धाकटा भाऊ भीतीने पळाला, म्हणून मला उचललं. "भाऊ कुठं हाये, सांग," म्हणत जमादाराने कोठडीत काठी चालवली.

आमच्या हातात मनगटापासून काखेपर्यंत हाडाच्या बांगड्या. नवरा जिवंत असेतो दंडावरच्या उतरवायच्या नाहीत. हे त्या हरामखोराला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो बांगड्यांवरच मारायचा. बांगडी तडकायची, धार मांसात रुतायची आणि वरून सगळं जागच्या जागी दिसायचं. कोर्टात मी मार सांगितला, म्हणून ही तपासणी. डॉक्टरने 'मार नाही' म्हटलं की कोर्ट मला पुन्हा पोलीस कोठडीत देणार होतं. पुन्हा ती काठी मला सोसली नसती. भावाचं ठिकाण तोंडातून निघालं असतं आणि त्याला त्यांनी जिवंत ठेवलं नसतं.

"साहेब, बांगड्याखाली पाहा ना. हाड मोडलं माह्यं."

"मग उतरव."

जमादार हसला. "नवरा जिता हाये तिचा, साहेब. ह्या बाया मरतीन, पन उतरवनार नाहीत."

डॉक्टरही हसला. शिकलासवरलेला माणूस, अंगावर पांढरा कोट. त्याच्या हसण्याने माझं डोकंच फिरलं. ती काठी दोघांची होती!

बाजूला कंपाउंडरचा खलबत्ता होता. मी बत्ता उचलला आणि स्वतःच्याच दंडावर घातला. पुन्हा घातला. बांगड्या फुटून फरशीवर उडाल्या. रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अवं पोरी, नवरा हाये ना तुले!"

आहे. नवरा आहे, भाऊ आहे, मीही आहे.

काळानिळा, रक्ताने भरलेला तो हात मी त्याच्या टेबलावर ठेवला.

"आता हात लाव, डाक्टर. लावल्याबिगर मी हटत नाही."

जमादाराने केस धरून मला ओढलं. मी दुसऱ्या हाताने टेबल धरलं. टेबल माझ्यासोबत सरकलं, बाटल्या खाली पडल्या. पाठीत लाथ बसली, तरी सोडलं नाही. रांगेतले लोक आत शिरले. जमादाराला कुणी अडवलं नाही, पण निघूनही कुणी गेलं नाही. इतके डोळे बघून डॉक्टर उठला. त्याने दोन बोटं दंडावर दाबली. आत हाड हललं, मी किंचाळले.

"मोडलंय," तो खाली बघत म्हणाला.

कोर्टातही त्याला तेच सांगावं लागलं. मी सुटले, भाऊ वाचला. जमादाराची फक्त बदली झाली. डॉक्टरचं काहीच बिघडलं नाही.

तांड्यात याडी, माझी आई, छाती पिटून रडली. जित्या नवऱ्याला मारलंस म्हणाली. पंच म्हणाले, शुद्ध हो, नव्या बांगड्या चढव. मी नाही म्हटलं. तेव्हा नवरा तोंड फिरवून बसला होता, त्याचं मला आजही वाईट वाटतं. हात वाकडाच जुळला. त्या हाताने कापूस वेचता येत नाही.

आता पोलिसांनी कुणालाही उचललं, आमचा असो, कोलाम असो, गोंड असो, मी दवाखान्यात जाऊन उभी राहते. डॉक्टर नवे नवे येतात. मी त्यांना सांगते, खुर्चीतून उठा, अंगावरचं फडकं काढून बघा, हात लावा. ते म्हणतात, बाई, बाहेर हो. मी होत नाही. बाहेर काढायचं तर मला मारावं लागेल. आणि मारलं, तर मलाही तपासावं लागेल.