आक्का सापडल्या तो दिवस

ये, अशी माझ्याशेजारी सरक आणि तो फोन उपडा ठेव. चार महिने मागं लागलीस, "आजी, त्या दिवसाचं सगळं लिहून काढ," म्हणून. मी चष्मा पुसत पुसत लिहिलं, तर आता म्हणतेस, सवडीनं वाचते. सवड काय टपालानं यायची हाय? बस खाली, मीच वाचून दाखवते. तू पुण्यात आणि मी इथं, तरी समोर बसलीयस असं धरून चालते.

आक्का म्हणजे तुझी सख्खी आजी, माझी थोरली जाऊ. दोघींचे मालक गेले, तुझा बाप पुण्यात नोकरीला लागला, मला मूलबाळ नाही, मग या घरात आम्ही दोघीच उरलो. दोनेक वर्षांपासून आक्कांना विसर पडत चालला होता. दूध उतू जाताना नुसत्या बघत बसायच्या. मालिकेतली सून कुणाची, हे रोज संध्याकाळी विचारायच्या आणि मी रोज सांगायची. कधी कधी खेकसायची सुद्धा, खोटं कशाला लिहू.

थंडीचे दिवस होते. भवानीनगरचा कारखाना सुरू, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या. मी म्हशीची धार काढून घरात आले तर आक्का नाहीत. परसात बघितलं, गोठ्यामागं बघितलं, शेजारच्या तीन घरांत विचारलं. दार उघडं, अंथरूण तसंच. मग मी फोन लावला.

पोलीस पाटील आले. म्हणाले, "काकी, वर्णन सांगा. साडी कुठली?"

"हिरवी," मी म्हटलं. महिनाभर त्या हिरवीशिवाय दुसरी साडी अंगाला लावून घेत नव्हत्या. धुवायची, वाळवायची, पुन्हा तीच. रात्री मीच उशाशी ठेवली होती आणि आता ती तिथं नव्हती. पाटलांनी मोबाइलवर लिहिलं, हिरवी साडी, वय ऐंशीच्या पुढं. बघता बघता ते सगळ्या गावांच्या ग्रुपवर गेलं. फोटो मात्र तुझ्या बापाच्या लग्नातला, त्यात आक्कांचे केस काळेभोर.

मला म्हणाले, तुमी घरी बसा, त्या परत आल्या तर घरात कुणीतरी पाहिजे. मग मी ओट्यावर बसले, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं कालवा काढला, ओढा काढला, कुणाचं रान कुठं ते मांडलं आणि माणसं वाटून दिली. चौघं कालव्यावर, कारण पाणी सुटलेलं होतं. दोघं बारामतीच्या स्टँडवर, दोघं इंदापूरच्या. उसात शिरणाऱ्यांना सांगितलं, एका सरीत एकच माणूस, आणि दर दहा पावलांवर थांबून कान द्यायचा. ऊस डोक्याच्या वर गेलेला, दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. नुसतं ओरडत पळालं तर आतलं म्हातारं माणूस घाबरून आणखी गप्प बसतं.

एक जण म्हणाला, "काकी, सरपंचाला तुमीच उभ्या ऱ्हावा."

"आधी तुझी सरी बघून ये," मी म्हटलं.

पण खरं सांगू का, माणसं पांगली आणि ओटा रिकामा झाला तेव्हा मला कळलं की मी कशाला एवढं बोलत होते. समोरच्या विहिरीवर दोघं जण गळ टाकत होते. बादली पडली की काढायचा तो लोखंडी गळ. दोर खाली जायचा, वर यायचा. प्रत्येक वेळी मी खाली बघायची, कॅलेंडरवरचा काढलेलाच कालवा पुन्हा गिरवायची. फोन वाजायचा. इंदापुरात नाहीत. वालचंदनगरच्या बाजारात नाहीत. तुझा बाप दर पंधरा मिनिटांनी विचारायचा, "काकी, काय कळलं का?" मी म्हणायची, "न्हाय बाळा." मोठ्या आवाजात विचारपूस करणारे सगळे होते, पण माझ्याइतकी घाबरलेली दुसरी बाई त्या दिवशी गावात नव्हती, आणि जिच्यापाशी बसून मी भ्याले असते तीच हरवली होती.

दुपारचा एक वाजला असेल. फाट्यावरचे किराणा दुकानवाले भाई आले. आमचं त्यांचं चाळीस वर्षांचं येणंजाणं. आले ते जरा फुगूनच.

"काकी, सकाळी मी हाक मारली तर वळून सुद्धा बघितलं न्हाय तुमी. म्हटलं, काकी रुसल्या. मागल्या खेपेला साखरेत मुंग्या निघाल्या म्हणून."

"मी? मी कुठं आले फाट्यावर?"

"तुमीच की. चॉकलेटी साडी, पिवळा काठ. कालव्याच्या रस्त्यानं भवानीनगरच्या अंगाला चालला होता."

मी उठले ती थेट कपडे वाळत घालायच्या वलणीपाशी. माझी चॉकलेटी साडी नव्हती. ट्रंक उघडली तर हिरवी साडी माझ्या साड्यांत, नीट घडी घालून. आमच्याकडं बाई पाठीमागनं ओळखायची ती साडीवरनं आणि डोक्यावरच्या पदरावरनं. तोंड बघायला कोण थांबतंय? सकाळपासून ज्यांनी ज्यांनी आक्कांना बघितलं त्यांनी मला बघितलं होतं. मग सांगायला कोण येणार? आणि पाच तास सगळा तालुका मी सांगितलेली हिरवी साडी शोधत होता.

घर शेजारणीवर सोपवलं आणि भाईंच्या मोटारसायकलवर मागं बसले. कालव्याचा रस्ता खडबडीत, मी त्यांच्या खांद्याला धरून पाण्याकडं बघत होते. फाट्यापासून चार-पाच किलोमीटरवर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या लागल्या, पाचटाच्या झोपड्या, पडीक रानात. तोडीवाले बाहेरच्या जिल्ह्यातले. सकाळपासून त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी सुद्धा माणसं वाटताना कॅलेंडरवर गावातल्या एकेकाचं रान काढलं, त्या कोप्या काढल्या नाहीत.

एका कोपीपुढं आक्का बसल्या होत्या, साडीच्या झोळीत निजलेल्या पोराला झोका देत.

मी हाक मारली, तशी त्यांनी बोट ओठावर ठेवलं. "हळू बोल. आत्ताच झोपलंय."

चुलीपाशी एक दिवस भरलेली बाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "सकाळधरनं हितंच हायती. कुठल्या म्हणून इचारलं, तर म्हणल्या, हितलीच मी. च्या दिला, भाकर खाल्ली."

"अगं, कुणाला तरी सांगायचंस," भाई म्हणाले.

"कुणाला सांगू? आमाला हितं कोण वळखतंय," ती म्हणाली.

पोर नीट झोपेपर्यंत आक्का उठल्या नाहीत. आम्ही थांबलो. त्या अर्ध्या तासात मला कसलीच घाई नव्हती.

दिवस मावळायच्या आत तुझा बाप आला. आईचे पाय धरून रडला. मग माझ्याकडं वळला. "तुझं चुकलं असं न्हाय म्हणत मी काकी. पण साडीचा रंग तरी..." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडीत आक्कांची गादी घातली, औषधं घातली. मीच बांधाबांध करून दिली. त्याचं बरोबर होतं. त्याची आई आहे, आणि माझ्या हातून एकदा सुटली होती. आक्का गाडीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "चल की." मी म्हटलं, "तुमी व्हा पुढं, म्हस हाय."

मला वाटलं होतं, सापडल्या की मिटलं. दिवसभर जीव मुठीत धरून त्यांना घरी आणायला धडपडले आणि घरात त्या एकच रात्र राहिल्या. आता मालिका लागते. ती सून कुणाची ते मला पाठ आहे, पण विचारणारं कुणी नाही. तुझ्या फोनवर आक्का दिसतात, हसतात. परवा मला बघून म्हणाल्या, "ही बाई चांगली हाय, जेवून जा म्हणावं."

तर पोरी, जेवायलाच या. त्यांना घेऊन ये. बापाला वेळ नसला तर तू एकटी आण. माझं घर त्यांना आठवलं नाही तरी चालेल. पण लवकर ये बाई, या येत्या रविवारीच ये.