रेसल म्हणजे कुस्ती, आणि बाकीचं

लातूर जिल्हा नवानवाच झाला होता, आणि जूनमध्ये मला जळकोटच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. त्या साली पावसानं दगा दिला. भर पावसाळ्यात टँकर! म्हणून पावणेदोन वर्षांची लेक मी उमरीला सासूबाईंपाशी ठेवली. तिथल्या विहिरीला पाणी होतं, नवऱ्याचं दुकानही तिथंच. तिकडं बदली मागितली की कारकून म्हणायचा, "बाई, ह्यो जिल्हा येगळा, त्यो येगळा." दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!

खोलीवर मी एकटी. एक भाकरी थापायची, ती पण संपायची नाही. लई एकटं वाटायचं, आणि एकटं वाटलं की माझं डोकं फिरायचं. राग निघायचा वर्गातल्या पोरांवर.

एकदा धड्यात 'रेसल' शब्द आला. म्हटलं, रेसल म्हणजे कुस्ती खेळणं. पण इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात न उघडणाऱ्या कुलपाशीही रेसल करतो, न सुटणाऱ्या गणिताशीही करतो. आता वाक्यं सांगा. मागच्या बाकावरची पोरगी उठली. "बाई, माझी माय रोज टँकरपाशी रेसल करायलीय." वर्ग खिदळला. कितीतरी दिवसांनी मीही हसले.

दिवाळीला उमरी गाठली. जूननंतर पहिल्यांदाच. लेक सासूबाईंच्या कडेवर होती. मी तिला हिसकूनच घेतली. अगं बया! ती ताठ झाली, लाथा झाडल्या, माझी वेणी ओढली. मी आवळतेय, ती निसटतेय.

"सोड गं, लेकरू भ्यालंय," सासूबाई म्हणाल्या.

"माझं हाय, का सोडू?" मी खेकसले. तेवढ्यात ती मनगटाला कडकडून चावली आणि त्यांच्या पदराआड पळाली.

चार दिवस खाऊ दाखवला, बाहुली दाखवली, एकदा तर रागावलेसुद्धा. ती लांबूनच बघायची. रात्री सासूबाईंना बिलगून झोपायची, आणि मी शेजारी डोळे पुसत पडायची.

निघायच्या दिवशी पिशवी उचलली तर ती आपणहून पुढं आली. माझा जीव हरखला. मी खाली बसून हात पसरले. पण सासूबाईंनी वळण चांगलं लावलं होतं; निघालेल्या पाहुण्यांच्या पाया पडायचं. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि शहाण्यासारखी म्हणाली, "पुन्हा या, बलं का."

"येते," म्हणाले मी.