थकलेल्या तोंडाचा फोटो

एका उन्हाळ्यात आमच्या कंपनीला आमची दया आली. जळगावात भर दुपारी घरोघरी जेवण पोचवणाऱ्यांचे काय हाल होतात, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. स्वतः येऊन बघणं शक्य नव्हतं, इकडे ऊन फार. म्हणून तिने आमच्या फोनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली. रोज बाराला फोन म्हणायचा, तोंड दाखवा. तोंड थकलेलं निघालं की, 'आम्हाला तुमची काळजी आहे, आज आराम करा,' आणि दिवसभर आयडी बंद, म्हणजे एकही ऑर्डर नाही. आराम अर्थातच बिनपगारी.

वर एक आश्वासनही होतं. एप्रिलभर तोंडं तपासणार, आणि बहुतेकांची थकलेली निघाली तर मे महिन्यात रणरणत्या दुपारी सगळ्यांचं काम बंद, मेहनताना मात्र चालू. आमच्यातले नाना या सुट्टीकडे डोळे लावून बसले होते. धुळ्याकडचे, साठीला टेकलेले, सूतगिरणी बंद पडल्यावर या धंद्यात आलेले. आदल्या वर्षी त्यांना ऊन लागून सलाईन चढवावी लागली होती. पुन्हा दुपारी फिराल तर उठणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दुपार टाळणाऱ्याचा आयडी कंपनी कायमचा काढून घ्यायची, आणि घरात कमावणारे तेवढे नानाच.

म्हणजे आम्ही फक्त थकलेलं तोंड थकलेलं दाखवायचं होतं. तेवढंही आम्हाला जमू नये? सुट्टी मिळणार होती सगळ्यांना, पुढच्या महिन्यात. आयडी बंद होणार होता माझा एकटीचा, आज.

बारा वाजत आले की आम्ही रसवंतीवर जमायचो. तोंडावर बर्फ फिरवायचा, पुसायचं, मग माझ्या पर्समधली पावडर. मिशीवाले बाप्ये एकमेकांच्या गालाला पावडर लावताहेत, अन् रसवाला विचारतोय, वरात कुठे निघाली? नानांनी तर मिश्याही काळ्या करून आणल्या.

"नाना, निदान तुम्ही तरी लावू नका," मी चिडून म्हणाले. "सुट्टी तुम्हालाच हवी आहे ना?"

"अक्का, मना एकलानाच आयडी बंद व्हई," नाना म्हणाले आणि त्यांनी पावडरचा डबा मागितला. मी दिला, काय करणार?

महिना संपला तसे पुण्याहून साहेब आले. एसी गाडीतून उतरून रसवंतीच्या मांडवात येईपर्यंत त्यांचा शर्ट भिजला. लॅपटॉप उघडून म्हणाले, अभिनंदन, सगळ्या राज्यात जळगावचे रायडर सर्वांत ताजेतवाने. तुम्हाला ऊन बाधत नाही असं दिसतंय, तेव्हा दुपारच्या सुट्टीची गरज उरलेली नाही. मग त्यांनी पेढे वाटले.

माझं डोकंच फिरलं. "साहेब, तो ताजेपणा नाही, पावडर आहे. माझ्या डब्यातली."

"स्वतःची निगा राखता, छानच आहे," साहेब म्हणाले.

तेव्हा नाना उठले. पिंपातलं पाणी घेऊन त्यांनी खसाखसा तोंड धुतलं. मिश्यांचा काळा रंग गळ्यापर्यंत ओघळला. खाली उन्हाने रापलेलं, सुजल्या डोळ्यांचं तोंड होतं. रोज त्यांच्या शेजारी बसून मी ते कधी धड पाहिलं नव्हतं.

"साहेब, हाई मन्हं खरं तोंड शे," ते म्हणाले. "मी थकेल शे."

बारा वाजलेच होते, त्यांनी फोन समोर धरून त्या दिवसाचा फोटो काढला. फोनला त्यांची काळजी वाटली, आयडी बंद झाला. नानांनी तो फोन साहेबांपुढे धरला. मला वाटलं, आता तरी उजेड पडेल. साहेबांनी वाकून स्क्रीन बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. ड्रायव्हरला हाक मारून म्हणाले, "अरे, याचा व्हिडिओ घे. बघ, आपलं ॲप किती अचूक ओळखतं!"

तेवढ्यात आमचे सगळ्यांचे फोन वाजले. नानांच्या वाट्याच्या ऑर्डरी आम्हाला वाटून आल्या होत्या. कुणी कुणाकडे बघेना. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला, गाडीला चावी लावली, पण पाय उचलेना. नाना खांबाला टेकून बसले होते.

"जाय, अक्का," ते म्हणाले. "जेवन थंडं व्हई जाई."